जुन्या नावाची गाडी नव्या रूपात आणली तर खरंच चालते का?

चालते, पण जुना चेहरा चिकटवला की काम झालं असं नाही. फियाट ५०० बघा. मूळ गाडी ४ जुलै १९५७ ची, इंजिन मागे, दोन सिलिंडरचं. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ ला नवी आली, तर खालचा सांगाडा फियाटच्याच पांडा या गाडीचा आणि इंजिन पुढे. म्हणजे जुनं फक्त रूपडं. तरी ती वर्षानुवर्षं धडाक्यात खपली, कारण शहरात पार्किंगला सोयीची छोटी गाडी लोकांना तशीही हवीच होती. फोर्डची रेट्रो थंडरबर्ड मात्र २००५ मध्येच बंद पडली. दिसायला झकास, पण दोनच सीटं आणि किंमत जबर. हौस म्हणून घेणारे घेऊन मोकळे झाले, पुढे गिऱ्हाईक कोण?

मला स्वतःला रेनो ५ ची नवी इलेक्ट्रिक आवृत्ती सगळ्यांत आवडते. जुन्या रेनो ५ च्या बॉनेटवर एका बाजूला हवेची जाळी होती. नवीत त्याच जागी चार्जिंग किती झालं ते दाखवणारे दिवे आहेत. आठवणीला काम दिलंय, नुसतं सजवलेलं नाही!

आपल्याकडे कुर्ल्याला बनलेली पद्मिनी परत यावी असं मुंबईकर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या आठवणीत म्हणतात. पण तिचा तो स्टिअरिंगशेजारचा गिअर आज पैसे मोजून कोण घेईल, सांगा. अँबॅसडरचं नावही २०१७ मध्ये ८० कोटींना पुजो या फ्रेंच कंपनीकडे गेलं, गाडी काही आली नाही.