पुस्तक स्वतः काढणार असशील, तर

अंबाजोगाई

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची ऊसतोड मजुरांवरच्या कथांची फाईल मिळाली. दोन प्रकाशकांकडे संग्रह पाठवून वर्ष उलटले, तरी होकारही आला नाही आणि नकारही. म्हणून तो स्वखर्चाने काढावा असे तुझ्या मनाने घेतले आहे आणि त्यासाठी काय काय करावे लागेल, हे तू विचारले आहेस. तुझे ठरवणे मला मुळीच गैर वाटत नाही. आपल्या भागातली कितीतरी चांगली पुस्तके लेखकांनी पदरमोड करून काढलेली आहेत, आणि आज तर अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंतची सगळी कामे लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला होऊ शकतात. परंतु पुस्तक छापणे सोपे झाले म्हणून प्रकाशकाचे कामही सोपे झाले, असे समजू नकोस. छापखाना पैसे घेतो आणि दिलेले छापून देतो. चांगला प्रकाशक मात्र छपाईच्या आधी लेखकाला अडवतो. ही कथा अजून झालेली नाही, हे मुखपृष्ठ चालणार नाही, इतक्या प्रती खपणार नाहीत, असे तो तोंडावर सांगतो. तू स्वतः प्रकाशक होणार असशील, तर हे अडवण्याचे काम तुझ्याकडे आले, आणि माझ्या पाहण्यात नवे लेखक सर्वांत जास्त तिथेच कमी पडतात.

म्हणून छापखान्याचे दर विचारण्याआधी संपादक शोध. ओळखीतल्या प्राध्यापकांनी प्रस्तावना लिहून देणे म्हणजे संपादन नव्हे. प्रस्तावनाकार झालेल्या पुस्तकाचे कौतुक करतो, संपादक न झालेल्या पुस्तकाशी भांडतो. त्याला मानधन दे आणि आपल्या हिशेबात ती रक्कम छपाईच्या खर्चाच्या वर लिही. त्याशिवाय हस्तलिखित दोन अगदी वेगळ्या माणसांना वाचायला दे. एक जण ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जाऊन आलेला असावा आणि दुसऱ्याने उसाचा फड कधी पाहिलेलाही नसावा. पहिला तुझी चूक पकडेल आणि दुसरा तुझी अडचण दाखवेल. मला स्वतःला तुझी मुकादमाची कथा फार आवडली, पण तिची शेवटची तीन पाने कथेत नाहीत, ती तुझ्या रागातून आलेली आहेत. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही म्हणून तो बाप लेकीची शाळा सोडवतो, तिथेच सारे सांगून झाले आहे. त्यानंतर मुकादम वाईट आहे हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता भाषेविषयी. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवण्याचा तुझा निर्णय योग्य आहे, पण बोलीलाही शिस्त लागते. त्याच म्हातारीच्या तोंडी एका पानावर ‘व्हतं’, पुढच्या पानावर ‘होतं’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘हुतं’ आले आहे. असे झाले की मुद्रितशोधक (प्रूफरीडर) गोंधळतो आणि शेवटी सगळेच ‘होते’ करून टाकतो. त्यात त्याचा दोष नसतो. एका कागदावर अशा शब्दांची यादी कर, प्रत्येकाचे एकच रूप ठरव आणि तो कागद हस्तलिखितासोबत मुद्रितशोधकाला दे. निवेदनाला साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम लावावेत आणि अवतरणचिन्हांतल्या मजकुराला ही यादी लावावी, असे त्यावर स्पष्ट लिही. फड, उचल, टोळी या शब्दांचे अर्थ तळटीपेत देत बसू नकोस. कथा नीट चालली तर कोकणातल्या वाचकालाही ते कळतात.

तू युनिकोडमध्ये टंकलेखन केले आहेस, पण संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या बऱ्याच डीटीपी चालकांचे काम अजून श्रीलिपीसारख्या जुन्या अक्षरसंचांवर चालते, आणि फाईल एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे बिघडतात. तुझ्या संग्रहात ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक कथेत आहे. रूपांतरानंतर त्याचे ‘शेतकर्यांच्या’ झाले तर पडद्यावर ते पटकन लक्षातही येत नाही. ‘ॲ’, ‘ऱ्ह’ आणि रफार असलेले शब्द एकेक करून शोधून पाहा. मुद्रिते, म्हणजे प्रुफे, कागदावरच तपास, आणि निदान एक वाचन दुसऱ्याला मूळ प्रत मोठ्याने वाचायला लावून कर, कारण स्वतः लिहिलेल्या मजकुरात डोळ्यांना जे असायला हवे तेच दिसत राहते.

पुस्तक डेमी आकारात, म्हणजे कथासंग्रहांच्या नेहमीच्या आकारात काढ. छपाई सोळा पानांच्या फॉर्मच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाच्या हिशेबाने होते, त्यामुळे १६० पानांचे दहा फॉर्म होतात. मजकूर १६३ पानांवर संपला, तर तीन पानांसाठी अकरावा फॉर्म सुरू होतो आणि त्याचा खर्च पडतो. अशा वेळी अक्षरजुळणीतच थोडी ओढाताण करून मजकूर आत बसवता येतो. कागद ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर घे, आणि छापलेले पान उजेडासमोर धरून मागची अक्षरे किती दिसतात ते पाहूनच होकार दे. मुखपृष्ठाची मांडणी पानांची संख्या पक्की झाल्यावरच अंतिम कर, कारण पुस्तकाच्या पाठीची रुंदी पानांवर आणि कागदाच्या जाडीवर ठरते. मुखपृष्ठासाठी इंटरनेटवरून उचललेले छायाचित्र वापरू नकोस. ते कोणाचे तरी असते, आणि त्याची परवानगी तुझ्याजवळ नसते.

आयएसबीएन क्रमांकाचा आपल्याकडे उगाच बाऊ झाला आहे. तो नवी दिल्लीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्ज केल्यावर विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही अर्ज करता येतो. ही पुस्तकाची ओळख पटवणारी संख्या आहे. पुस्तक चांगले असल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे, जरी महाविद्यालयांतल्या पदोन्नतीच्या गुणांमुळे अनेकांचा तसा समज झालेला असला. या क्रमांकासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर त्याच्याशी पुढचा व्यवहारच करू नकोस. छापील आवृत्ती आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, एवढे लक्षात ठेव. कॉपीराइटसाठी काही करावे लागत नाही. लिहिल्याक्षणी तो तुझा होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रकाशित झाल्यापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय येथे प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारे लेखक हे बहुधा विसरतात. तू विसरू नकोस. तुझ्या गावातल्या बायांच्या कथा देशाच्या ग्रंथालयात राहतील, ही लहान गोष्ट नाही.

तू एका जाहिरातीविषयी विचारले आहेस, त्याबद्दल मी अधिक सविस्तर लिहितो. ‘तुमचे पुस्तक, आमचे प्रकाशन’ अशा धर्तीची पॅकेजे हल्ली मोबाईलवर रोज येतात. लेखकाने पैसे भरायचे, नाव त्यांच्या संस्थेचे, आणि वर मानपत्रही. पैसे घेऊन काम करून देणारे सगळेच लबाड असतात असे मी म्हणणार नाही. काही जण चोख काम करतात. पण पैसे भरण्याआधी लेखी उत्तरे घे. किती प्रती छापणार आणि त्यातल्या माझ्या ताब्यात किती देणार? आयएसबीएन कोणाच्या नावावर? अक्षरजुळणीची आणि मुखपृष्ठाची मूळ फाईल मला मिळणार का? विक्रीचा हिशेब कधी देणार? हक्क तुम्हाला देत आहे की केवळ छापण्याची परवानगी देत आहे? आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लिहून देताना मुदत नमूद केलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. पण ‘कायमस्वरूपी, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत’ असे लिहिलेल्या कागदावर तू सही केलीस, तर हे संरक्षण तुझ्या कामी येणार नाही. फाईल देत नाही असे जो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नकोस, कारण दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तुला सगळे पहिल्यापासून करावे लागेल. पैसे भरून सहभागी व्हायचे प्रातिनिधिक संग्रह आणि प्रवेशशुल्क घेऊन दिले जाणारे पुरस्कार यांपासूनही दूर राहा. त्यांत नव्या लेखकाची उमेद विकत घेतली जाते आणि तीच त्याला परत विकली जाते. याचा मला मनापासून राग येतो.

पैसे भरण्याआधी आणखी एक दार ठोठाव. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिची सूचना निघते तेव्हा अटी नीट वाचून हस्तलिखित पाठव.

आता हिशेब. आकडे मी समजण्यासाठी धरतो. खरे दर तू तीन छापखान्यांकडून लेखी घे. समज, संपादनापासून बांधणीपर्यंत ३०० प्रतींना ३६,००० रुपये लागले, म्हणजे प्रतीमागे १२० रुपये. छापील किंमत २५० रुपये ठेवलीस आणि विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिलीस, तर तुझ्या हाती १५० रुपये येतात. म्हणजे घातलेले पैसे सुटायलाच २४० प्रती विकल्या जाव्या लागतात, आणि पार्सलचा खर्च मी अजून धरलेला नाही. तीच प्रत वाचकाला थेट २०० रुपयांत दिलीस, तर १८० प्रतींत भांडवल मोकळे होते. आता पाहुणे, मित्र, गावचे पुढारी आणि ओळखीचे लेखक यांना मिळून शंभर प्रती भेट दिल्यास, तर उरलेल्या २०० विक्रेत्यांमार्फत सगळ्या खपूनही तू ६,००० रुपयांनी खाली राहतेस. आपल्याकडे पुस्तक भेट मागण्यात कोणाला संकोच वाटत नाही आणि नाही म्हणणे लेखकाला जड जाते. म्हणून भेटीच्या प्रतींची यादी छपाईआधीच लिहून काढ, ती तीसच्या पुढे जाऊ देऊ नकोस, आणि त्यात तुला ज्यांनी या गोष्टी सांगितल्या त्या बायांची नावे सर्वांत वर असू देत. कोणी हजार प्रती काढल्या की दर उतरतो असे सांगेल. दर उतरतो हे खरे आहे, पण न विकलेल्या सातशे प्रती माळवदाच्या घरात पहिल्या पावसात ओल धरतात. तीनशेच काढ. फाईल तुझ्याजवळ असली की दुसरे मुद्रण कधीही करता येते.

प्रकाशन समारंभावर संपादनापेक्षा जास्त खर्च करणारे लेखक मी पाहिले आहेत. मंडप, शाली, फेटे, पाहुण्यांच्या गाड्या, शे-दोनशे माणसांचे जेवण, आणि पुस्तकाचे टेबल कोपऱ्यात. तुझ्या पुस्तकाची माणसे कोण आहेत आणि ती गावात कधी असतात, यावर दिवस ठरव. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि पट्टे पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या आसपास परततात. दिवाळी अंकांच्या दिवसांत पुस्तके खपतात हा सल्ला तुला पुष्कळ जण देतील, पण त्या वेळी तुझी अर्धी गावे रिकामी असतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, १७ सप्टेंबरच्या, मागेपुढे शाळांत कार्यक्रम असतात, पावसाळ्यामुळे माणसे घरी असतात आणि शिक्षकही भेटतात. तुझ्या शाळेच्या सभागृहात, कारखान्यावरून आलेल्या एखाद्या बाईच्या हस्ते प्रकाशन कर आणि तिच्याकडून किंवा तिच्या मुलीकडून एक कथा वाचून घे.

पण कथांतली माणसे तिथे समोर बसलेली असतील, हे लिहितानाच ध्यानात धर. नाव बदलले म्हणून गावात माणूस लपत नाही. ‘विहिरीजवळचा वाडा’ एवढे लिहिले तरी सगळ्यांना कळते. मुकादमाविषयी जे लिहिले आहेस त्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी ठेव. पण गर्भाशय काढलेल्या ज्या बाईवर तुझी एक कथा आहे, तिची ओळख पटेल अशी प्रत्येक खूण, गावासकट, पुसून टाक आणि तिला ती कथा वाचून दाखवल्याशिवाय छापू नकोस. तिने नको म्हटले तर ती कथा संग्रहात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग ती संग्रहातली सर्वांत चांगली कथा असली तरीही.

विक्रीसाठी एकट्या वितरकावर विसंबू नकोस. तालुक्याच्या ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाच्या ग्रंथालयांत स्वतः जाऊन ग्रंथपालांना भेट. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य यादीसाठी पुस्तके मागवते तेव्हा मुदतीत प्रत पाठव. मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’ या नियतकालिकाकडे परीक्षणासाठी प्रती दे. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या विक्रेत्यांकडे पाच-पाच प्रती ठेवून पावती घे आणि तीन महिन्यांनी हिशेबाला जा. टपालाने पाठवायच्या प्रतींसाठी मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपयांपासून दर सुरू होतो, मात्र पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते. ई-पुस्तक सहा महिन्यांनी काढ. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी चालते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल, तर त्यांच्या ‘सिलेक्ट’ योजनेत जावे लागते आणि त्या मुदतीत ई-पुस्तक इतरत्र विकता येत नाही, हे वाचूनच होकार दे.

सप्टेंबर गाठायचा असेल तर जूनअखेर अंतिम मुद्रिते हाती हवीत, आणि आयएसबीएनचा अर्ज त्याही आधी गेलेला हवा. तोवर मुकादमाची कथा शेवटच्या तीन पानांशिवाय एकदा लिहून पाहा आणि ती, बोलीतल्या शब्दांच्या यादीसह, मला पाठव. छापखान्यांची कोटेशने आली की त्यांच्या प्रतीही पाठव; कागदाचा प्रकार आणि बांधणी त्यांत स्वतंत्रपणे लिहिलेली असल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा हितचिंतक