सुट्टीत वजन वाढेल, म्हणून माहेरी जाऊच नको का?

एप्रिल लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात एक काळजी हमखास डोकावते. कुणी केरळच्या टूरला निघालेलं असतं, कुणी मुलाकडे अमेरिकेला, कुणी गावी. सहा-आठ महिने नेटाने वजन उतरवलेलं असतं आणि बॅग भरायच्या आधीच धास्ती घेतलेली असते, "मॅडम, सुट्टीत सगळं परत येणार." दिवाळीआधीही मी हेच ऐकते. म्हणून एका ताईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

ताई ठाण्याच्या, बँकेत नोकरी, चाळिशी ओलांडलेली. माहेर मालवणजवळच्या एका गावात. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांनी 11 किलो वजन कमी केलं होतं आणि शुगरही आटोक्यात आली होती. माझ्याकडे आल्या तेव्हा निर्णय घेऊनच आल्या होत्या. मे महिन्यात माहेरी जायचं नाही. आईला काय कारण सांगायचं, एवढंच त्यांना माझ्याशी ठरवायचं होतं.

"मागच्या मेमध्ये पाच दिवसांत तीन किलो वाढले मॅडम. ते उतरवायला पावसाळा गेला. माझा स्वतःवर ताबाच नाहीये."

"ताबा नाही" हे वाक्य मी लगेच खोडत नाही. ते कुठून आलं, ते आधी बघते. मी म्हटलं, "मागच्या वर्षी घरून निघालात, तिथपासून मला सगळं सांगा. काय खाल्लंत, कधी खाल्लंत आणि खाताना मनात काय चाललं होतं."

सांगताना त्या सुरुवातीला अडखळत होत्या. निघायच्या आधीचा आठवडा त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. "तिकडे खाणं होणारच, म्हणून इथे आधीच शिल्लक टाकली," असं त्या म्हणाल्या. मांडवी एक्सप्रेसला बसल्या. त्या गाडीत खायला किती मिळतं, ते कोकणात जाणाऱ्यांना ठाऊक आहे. डब्यात सगळे ऑम्लेट, वडे मागवत होते आणि ताई दिवसभर काळ्या कॉफीवर. कुडाळला उतरल्या तेव्हा भुकेने डोकं दुखत होतं. घरी आईने शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, करून ठेवले होते, सोबत गूळ-वेलचीचा नारळाचा रस. "काय गो, किती सुकलंस!" म्हणत आईने ताटली पुढे केली. ताईंनी एकदा घेतलं, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही.

"मग?"

"मग मनात आलं, झालं, आजचा दिवस वाया गेला. आता कशाला जपायचं? उद्यापासून बघू. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात गेले. अंधारात फडताळावरचा बेसन-गुळाच्या मालवणी खाज्याचा डबा काढला आणि उभ्या उभ्या अर्धा डबा संपवला."

त्या डोळे पुसत होत्या. मी थोडा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, "खाजं तुम्हाला फार आवडतं का?"

ताईंनी मान वर केली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहणं किती मोलाचं असतं, हे मला इतक्या वर्षांच्या कामाने शिकवलंय.

"नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला खाजं कधीच आवडलं नाही. लहानपणापासून नाही. दाताला चिकटतं."

"आणि शिरवाळे?"

"ते तर जीव की प्राण! पण त्या दिवशी त्यांची चवसुद्धा नीट लागली नाही. सगळा वेळ अपराधी वाटत होतं."

आमच्या सगळ्या भेटींमधली ही सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं. जो पदार्थ आवडत नाही तो पोट भरलेलं असताना, अंधारात, उभ्याने खाल्ला जातो, तेव्हा तिथे जिभेचा मोह कुठे आहे? भूकही नाही. आईचा आग्रहही नाही, आई तर झोपली होती. तो अर्धा डबा "दिवस वाया गेला" या एका निवाड्यापायी संपला होता, आणि तो निवाडा ताईंनी स्वतःच दिला होता.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेली समुपदेशक आहे. 1955 पासून त्यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा मला रोज नव्याने पटतो. जे घडलं त्यापेक्षा, त्याचा आपण जो अर्थ लावतो तो आपल्याला जास्त हलवतो. शिरवाळ्यांची तिसरी वाढणी ही घटना. तिच्यापायी "मी हरले" असं मानायचं की "आज जरा जास्त झालं" असं, हे आपल्या हातात असतं. पहिला अर्थ लावला की पावलं स्वयंपाकघराकडे वळतात, दुसरा लावला की माणूस अंगणात जाऊन शतपावली करतो.

ताई हिशेबाच्या माणूस, म्हणून त्यांना मी एक जुना प्रयोग सांगितला. 1975 साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना चव तपासण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आईस्क्रीम खायला दिलं. त्याआधी काहींना मिल्कशेक पाजला होता. खाण्यावर एरवी बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलेलं होतं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला थांबायचं!

"म्हणजे हे माझ्या एकटीचं नाहीये," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हायसं वाटल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

मग त्या तीन किलोंचा हिशेब मांडला. अंगावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. तीन किलोंच्या 23,100 झाल्या. पाच दिवसांत वाटल्या तर रोजच्या जेवणाशिवाय आणखी 4600 च्या वर. ताईंनी मोबाइलवर आकडे दोनदा तपासले आणि म्हणाल्या, "एवढं तर मी नक्कीच खाल्लं नव्हतं." मग वजन कुठून आलं? बरंचसं पाण्याचं. बरेच दिवस कमी खाणाऱ्या शरीरातला साखरेचा साठा रिता झालेला असतो. भात, गूळ, आंबा पोटात गेला की तो भरतो आणि दर ग्रॅम साठ्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. त्यात खारं, पापड-लोणचं, प्रवासात बिघडलेलं पोट आणि बायकांच्या बाबतीत पाळीचे दिवस. म्हणून परतल्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहू नये. रोजच्या जेवणावर आठवडाभर राहून मग वजन करावं. परतल्या दिवशीचा आकडा बघून खचलेली आणि तिथूनच सगळं सोडून दिलेली किती माणसं मी पाहिली आहेत! त्यांचं वजन पुढच्या दोन महिन्यांत वाढलं, आणि बोल मात्र सुट्टीला लागला.

पुढच्या भेटीत ठरवलं की ताई माहेरी जाणार. मी एकच अट घातली, त्या दिवसांत वजन कमी करायचं नाही. आहे तेवढं टिकलं तरी भरून पावलं. यावर त्या माझ्याशी बराच वेळ वाद घालत होत्या. बँकेतली शिस्त मुरलेली होती, उद्दिष्ट खाली आणणं त्यांना पळवाट वाटत होती. पण सुट्टीतही वजन उतरवायचंच असा हट्ट धरला की पहिल्याच वाढणीला तो मोडतो, आणि पुढचं खाज्याच्या डब्यापाशी कसं पोचतं, ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

त्यांच्याकडून मी एक कागद लिहून घेतला. जे फक्त माहेरीच मिळतं आणि मनापासून आवडतं, तेवढंच त्यावर. रस-शिरवाळे, आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं, एकदा कोंबडी-वडे, रोज एक हापूस. फरसाण, बिस्किटं, कोल्ड्रिंक कागदावर आलंच नाही, ते ठाण्यातही मिळतं. केरळ-राजस्थानच्या टूरवर जाणाऱ्यांनाही मी हेच सांगते. बुफेची प्लेट हातात घ्यायच्या आधी मोकळ्या हाताने एक फेरी मारा. पनीरची भाजी आणि गुलाबजाम सगळीकडे सारखेच असतात. अप्पम किंवा केर-सांगरी घरी मिळत नाही, ते निवांत बसून खा. पैसे भरलेत म्हणून खाणं हा पैशाचा विचार झाला, त्यात पोटाला ओढू नका.

आईच्या आग्रहाचं काय, हा खरा अवघड प्रश्न होता. "माझं डाएट आहे" म्हटलं की आई दुखावते, कारण वाढणं हीच तिची माया. मी ताईंना सुचवलं की पहिल्यांदा निम्मंच वाढून घ्या. आपल्याकडे दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही, तेव्हा ती दुसरी वाढणी गृहीतच धरा आणि आनंदाने घ्या. आईचा मान राहतो, आपलं जेवणही मापात राहतं. आणि प्रवासात उपाशी राहायचं नाही, मांडवीत बसून ऑम्लेट खायचं. निघायच्या आधीचा आठवडाही रोजच्यासारखाच जेवायचं. ताईंसाठी तर हे दुप्पट महत्त्वाचं होतं. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी उपाशी राहण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत.

ताई जाऊन आल्या. तिसऱ्या दिवशी चुलत भावाकडे कोंबडी-वड्यांचं जेवण भरपूर झालं, वर आमरस. "रात्री परत तेच वाक्य आलं मॅडम, दिवस वाया गेला. पण या वेळी मी त्याला ओळखलं. म्हटलं, एक जेवण जास्त झालंय, दिवस कुठे गेलाय? आईच्या शेजारी जाऊन पडले. गप्पा मारता मारता झोप लागली." दुसऱ्या दिवशी त्यांनी भूक लागल्यावर पेज घेतली, शिक्षा म्हणून उपास केला नाही. हे ऐकताना मला जे समाधान वाटलं, ते काट्यावरच्या कुठल्याही आकड्याने दिलं नसतं. आठवड्याने केलेलं वजन अर्धा किलो जास्त भरलं. ताईंनी ते मला सहज, बोलण्याच्या ओघात सांगितलं.

परतीची तयारी मात्र जाण्याआधीच करून ठेवा. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी काय शिजणार, चालायला किती वाजता बाहेर पडणार, आहारतज्ज्ञांची पुढची भेट कधी, हे आधीच ठरलेलं असलं की "सोमवारपासून बघू" म्हणायला जागा राहत नाही. सोबत आणलेला खाऊ शेजारी आणि ऑफिसात पहिल्याच दिवशी वाटून टाका.

एक गोष्ट मात्र वेगळी समजून घ्या. लपून-छपून, थांबताच येत नाही असं खाणं वारंवार होत असेल, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल, किंवा खाण्याच्या धास्तीने जेवणच बंद झालं असेल, तर तिथे असे कागद आणि युक्त्या पुरत नाहीत. हे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. अशा वेळी सुट्टी संपायची वाट न बघता आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.