जॉइनिंग बोनस घेतला, आता नोकरी सोडता येईल का?

"जॉइनिंग बोनस घेतला आहे आणि तो परत करण्याची ऐपत नाही, म्हणजे वर्षभर इथेच अडकून पडायचे का?" आयटी क्षेत्रातील तरुण मंडळी मला हा प्रश्न वारंवार विचारतात. हिंजवडीतील एका कंपनीत काम करणाऱ्या तरुणीने तो विचारला, तेव्हा सततच्या रात्रपाळीने तिची तब्येत ढासळली होती आणि रुजू होताना मिळालेली रक्कम गावच्या घराच्या स्लॅबमध्ये गेली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कंपनी 3 लाख मागणार आणि आपल्या हाती तर 2,37,600 रुपयेच आले, ही तिची खरी सल होती. हा बोनस पगारातच धरला जात असल्याने त्यावर 20 टक्के प्राप्तिकर आणि त्या करावर 4 टक्के उपकर कापला गेला होता. परतफेड त्याच आर्थिक वर्षात झाली तर कराचा हिशेब जुळवून घेणे तुलनेने सोपे जाते. 31 मार्च उलटल्यावर मात्र ते फार जिकिरीचे होते. म्हणूनच परत करायची रक्कम कर कापण्यापूर्वीची की नंतरची, हे सही करण्याआधीच विचारून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगते.

तिने पर्समधून चार घड्या घातलेले ऑफर लेटर काढले आणि आम्ही ते शेजारी बसून वाचले. चौथ्या पानावर अट होती: कामाचा शेवटचा दिवस रुजू झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत येत असल्यास संपूर्ण रक्कम परत करावी लागेल. राजीनाम्याच्या तारखेचा तिथे उल्लेखच नव्हता. तिला साडेनऊ महिने झाले होते आणि नोटीस पिरियड 90 दिवसांचा होता. तिने समासात पेन्सिलीने बेरीज केली, मग पुन्हा एकदा केली, आणि त्यानंतरच पाण्याचा ग्लास उचलला.

तरीही कंपनीने लवकर मुक्त केले तर काय, हा धोका होताच. त्यामुळे राजीनाम्यात शेवटच्या दिवसाची तारीख स्पष्ट लिहावी, तिला एचआरकडून लेखी होकार मिळवावा आणि तोवर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पाळी बदलून मागावी, असे आम्ही ठरवले. पाळी बदलून मिळाली नाही, तारखेला मात्र होकार आला.

ती बाहेर पडली तेव्हा 12 महिने आणि 2 आठवडे भरले होते. नव्या कंपनीनेही बोनस देऊ केला, तेव्हा त्यातील 18 महिन्यांची अट तिने सहीपूर्वीच बोलून 12 महिन्यांवर आणून घेतली.