पहिली शेल स्क्रिप्ट लिहितोयस? आधी एवढं सांभाळ

पहिली स्क्रिप्ट, म्हणजे शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने) ओळीने चालवायच्या कमांडची फाइल, चालली म्हणतोस, छान! फंक्शन, अ‍ॅरे, ट्रॅप सगळं नंतर बघू.

सगळ्यात आधी अवतरणचिन्हं. व्हेरिएबल (किंमत साठवलेलं नाव) वापरशील तिथे ते दुहेरी अवतरणात घाल. सातपूरच्या ऑफिसात मला 'पंचवटी जुने' हे फोल्डर पुसायचं होतं. नाव व्हेरिएबलमध्ये होतं, त्याला अवतरण राहिलं. शेलने नाव स्पेसवर तोडलं आणि 'पंचवटी', 'जुने' अशी दोन नावं आरएमच्या (rm, पुसायची कमांड) हातात दिली. शेजारी 'पंचवटी' नावाचं चालू फोल्डर होतं, ते गेलं. 'जुने' नावाचं काहीच नव्हतं, पण आरएमला एफ (-f, म्हणजे न विचारता पूस) लावलेलं, त्यामुळे तक्रारसुद्धा आली नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो.

दुसरं, सीडी (cd, फोल्डर बदलायची कमांड) फसली तरी स्क्रिप्ट थांबत नाही. पुढची आरएम मग तू असशील त्याच फोल्डरमध्ये चालते. म्हणून सीडीच्या ओळीत शेवटी दोन उभ्या रेघा आणि एक्झिट (|| exit) लिहीच, म्हणजे सीडी फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

बाकी नेहमीच्या चुका:
- व्हेरिएबलला किंमत देताना बरोबरच्या चिन्हाच्या (=) आजूबाजूला स्पेस नको.
- विंडोजवर लिहिलेली फाइल लिनक्सवर अडते, कारण ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्तीचं असतं. ते काढायला डॉस-टू-युनिक्स (dos2unix) ही कमांड चालव.
- पहिल्या ओळीत बॅश (bash, नेहमीचा शेल) लिहून स्क्रिप्ट एसएचने (sh) चालवू नकोस. उबंटूत एसएच म्हणजे डॅश (dash) हा वेगळा शेल, त्याला बॅशचं सगळं कळत नाही.

पुसणारी ओळ आधी एकोने (echo, छापायची कमांड) छापून बघ. आणि शेलचेक (ShellCheck, स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारा प्रोग्राम) आजच टाक, फुकट आहे. अवतरण विसरलास की ओळ क्रमांकासकट दाखवतं. अडलास तर स्क्रिप्ट पाठव, बसून बघू.