वायफाय बंद केलं, तरी मुलगा रात्री दीडपर्यंत पिक्चर बघतो

अकरावी सायन्सच्या मुलाची आई समुपदेशनाला आली ती एकच तक्रार घेऊन. "मॅडम, दहाला मी वायफाय बंद करते. त्याच्या सिमवर दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपलेला असतो. तरी हा दीडपर्यंत मोबाईलवर. सकाळी साडेसहाचा क्लास, उठवता उठत नाही. नेट नाही, तर हा बघतो तरी काय?" हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांतून येतो, म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

काय बघतो ते मुलाने आढेवेढे न घेता सांगितलं. फोनमध्ये व्हीएलसी प्लेअर (साठवलेले व्हिडिओ चालवणारं ॲप) आणि मेमरी कार्डात चार वेब सीरिज. क्लास सुटल्यावर मित्राच्या फोनवरून क्विक शेअरने घेतलेल्या. त्याला इंटरनेट लागतच नाही, दोन फोन जवळ असले की फाइल थेट जाते. पाऊण तासाचा एपिसोड ७२० पिक्सेलमध्ये साधारण ३०० ते ५०० एमबीचा, म्हणजे दहा एपिसोडचा सीझन चार-पाच जीबीत बसतो. असं भरलेलं कार्ड असेल तर वायफायचं बटण बंद करून काय होणार? (सगळ्या फाइल्स पायरेटेड होत्या. ते बोलणं वेगळ्या बैठकीत झालं.)

आईला गॅलरीत काहीच दिसलं नव्हतं, कारण फोल्डरमध्ये 'डॉट नोमीडिया' नावाची रिकामी फाइल टाकलेली होती. ती असली की गॅलरी तो फोल्डर वगळते. हे कळल्यावर आईला जागरणापेक्षा लपवालपवीचाच जास्त राग आला. पण सोळाव्या वर्षी लपवलेलं फोल्डर म्हणजे काहीतरी भयंकर, असं धरून चालू नये. मुलाशी एकट्याशी बोलल्यावर सीरिजची नावं कळली. सगळ्या त्याच्या वयाची मुलं चारचौघांत बघतात तशाच होत्या. त्याने नावं आईला सांगायची आणि आईने फोन हातात घेऊन तपासायचा नाही, असं ठरलं. कार्ड पुसून टाकायचा विचारही तिने सोडला. पुसलेलं कार्ड दोन दिवसांत परत भरतं आणि पुढच्या वेळी ते जास्त हुशारीने लपवलं जातं.

मग आठवडाभर नोंद ठेवायला सांगितली. वहीचं एक पान, चार रकाने: अंथरुणाला पाठ किती वाजता, प्लेअर बंद किती वाजता, झोप अंदाजे किती वाजता, सकाळी उठला किती वाजता. नोंदीतून जे दिसलं ते आईच्या समजुतीपेक्षा वेगळं होतं. मुलगा दिवसभर बघत नव्हता. अभ्यास आटोपून पावणेअकराला एक एपिसोड लावायचा आणि रोज खरोखर एकच बघायचं ठरवायचा. पण एपिसोड संपतो तो नेमका कुणाच्या तरी दारावर थाप पडते तिथे, आणि प्लेअर पुढची फाइल आपणहून सुरू करतो. 'आता थांबू' असं म्हणायला मधे जागाच उरत नाही. बदल करायचा होता तो याच जागी.

पहिला उपाय आईने आधीच केला होता आणि तो फसला होता. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये (ॲपच्या रोजच्या वापराला मर्यादा घालायची सोय) तिने यूट्यूबला एक तासाची मर्यादा घातली होती, प्लेअरला नाही. ती प्लेअरलाही घातली, तर दुसरीच पंचाईत झाली. ही मर्यादा मध्यरात्री नव्याने मोजायला लागते. पावणेबाराला प्लेअर बंद पडायचा, मुलगा पंधरा मिनिटं छताकडे बघत पडायचा आणि बाराच्या ठोक्याला नवा तास हातात. झोपण्याच्या वेळेसाठी ही सोय बनलेलीच नाही. बेडटाइम मोडही स्क्रीन करडा करतो आणि नोटिफिकेशन गप्प करतो, प्लेअरला कुलूप लावत नाही.

उपयोग झाला तो प्लेअरच्याच सेटिंगचा. 'व्हिडिओ प्लेलिस्ट मोड' बंद केला. आता एक फाइल संपली की यादी समोर येते, पुढची लावायची तर बोट उचलावं लागतं. स्क्रीन बंद केल्यावरही आवाज चालू राहायचा, पांघरुणात तो नुसता ऐकत पडायचा. म्हणून 'बॅकग्राउंड'चा पर्याय 'थांबवा'वर ठेवला. मग स्लीप टायमर: व्हिडिओ चालू असताना स्क्रीनवर एकदा टॅप, जादा पर्यायांचा मेनू, तिथे स्लीप टायमर, ४० मिनिटं. यात एक मेख आहे. नव्या आवृत्त्यांत 'चालू व्हिडिओ संपेपर्यंत थांबा' आणि 'स्क्रीनला हात लावला की पुन्हा सुरुवातीपासून मोजा' असे दोन पर्याय दिसतात. दोन्ही बंद हवेत, नाहीतर टायमर असून नसल्यासारखा.

सगळ्यात जास्त वाद झाला तो एका साध्या सूचनेवर: एपिसोडच्या शेवटी थांबायचं नाही, मध्येच थांबायचं.

"मॅडम, अर्ध्यात कोण सोडतं?"

कारण त्याला समजावून सांगितलं. उत्कंठा शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ताणलेली असते. पुढच्या एपिसोडच्या पहिल्या दहा-बारा मिनिटांत ती बहुतेक वेळा सैल होते आणि गोष्ट संथ चालते. सोडायची जागा ती. प्लेअर जागा लक्षात ठेवतो, उद्या तिथूनच सुरू होतं, शोधत बसावं लागत नाही. चार दिवस कुरकुर झाली, मग त्यालाच ते सोपं वाटायला लागलं.

आवाजाचंही बघावं लागलं. सिनेमाचा सहा वाहिन्यांचा आवाज इअरफोनच्या दोन वाहिन्यांत कोंबला की संवाद बारीक आणि स्फोट मोठे येतात. म्हणून मुलगा 'ऑडिओ बूस्ट' चालू करून आवाज २०० टक्क्यांपर्यंत नेत होता. बूस्ट बंद करून सबटायटल लावायला सांगितलं. निळ्या प्रकाशाच्या फिल्टरवर मात्र वेळ घालवला नाही. पिवळट स्क्रीनवरही थरार तो थरारच.

शनिवारी रात्री मोकळीक ठेवली, पण टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून. पेनड्राइव्हवर मोठी फाइल जाईना म्हणून घरात गोंधळ झाला. तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला होता, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. वडिलांनी कमी रिझोल्यूशनची फाइल लावली आणि स्वतःही शेवटपर्यंत बसले. या घरात हे नवीन होतं.

चौथ्या आठवड्याच्या नोंदीत बहुतेक रात्री प्लेअर साडेअकराच्या आत बंद झालेला दिसतो. फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आणि "अलार्मला फोन लागतो" या सबबीवर घड्याळाच्या दुकानातला साधा गजर. झोप अजून साडेसहा तासांच्या आसपास आहे. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास लागतात, तेव्हा साडेसहाच्या क्लासची बॅच बदलता येते का, हे आता पालक बघत आहेत. तो दोष प्लेअरचा नाही.

फोन बाजूला ठेवूनही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, मूल मित्रांत मिसळेनासं झालं, जेवण तुटलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर सेटिंग बदलत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायची गरज पडली तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.