हिशेबाच्या वह्या समोर होत्या, तरी पाहिल्या नाहीत

प्रश्न : चालता व्यवसाय विकत घेतला. विकणाऱ्याने वर्षाच्या उलाढालीचा आकडा सांगितला आणि ‘वह्या इथेच आहेत, हव्या तर बघा’ असेही म्हटले. मी बघितल्या नाहीत. खरी उलाढाल त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश निघाली. करार रद्द करता येईल का?

उत्तर : आकडा खोटा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक होते का, यावर सगळे अडले आहे. त्यालाही तो खरा वाटत असेल, तर ते भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८ मधले चुकीचे निवेदन. कोर्टाच्या बोलीत मिसरिप्रेझेंटेशन. कलम १९ नुसार असा करार तुम्हाला रद्द करता येतो, पण त्याच कलमाला अपवाद आहे : साधारण काळजी घेऊन सत्य कळण्यासारखे होते, तर हा हक्क राहत नाही. समोरचा वकील वह्यांचा मुद्दा पहिला काढणार.

इंग्लंडमध्ये वेगळे आहे. १८८१ च्या रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड खटल्यात घेणाऱ्याने पुढ्यातले कागद नीट तपासले नव्हते, तरी निकाल त्याच्या बाजूने लागला. आपल्याकडे त्यावर विसंबू नका.

जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर ते कलम १७ चे कपट. त्याला हा अपवाद लागत नाही (गप्प राहून केलेल्या कपटाला मात्र लागतो). म्हणून त्याच वर्षाचे, त्याच्याच सहीचे कर विवरणपत्र मिळवा. त्यात कमी आकडा असेल, तर ‘मला माहीत नव्हते’ म्हणणे त्याला जड जाईल.

तोवर उरलेले हप्ते निमूट भरू नका. खरे कळल्यावरही व्यवहार पुढे रेटला, तर करार तुम्हीच मान्य केला असे धरले जाते. लेखी नोटीस द्या. माल, परवाने, यंत्रे जपून ठेवा. करार रद्द करणाऱ्याला मिळालेला लाभ परत करावा लागतो (कलम ६४). दाव्याची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून ३ वर्षे आहे, पण इतके थांबण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : ‘धंदा जोरात चालेल’ एवढेच म्हणाला असता तर?

उत्तर : मग बहुधा काही हाती लागले नसते. ते मत झाले, वस्तुस्थिती नव्हे. धंदा बुडतोय हे माहीत असून तो तसे म्हणाला असेल, तर मात्र गोष्ट निराळी.