ट्रान्स या नृत्यसंगीताच्या डीजे सेटमध्ये लय आणि स्वर जुळवताना

प्रश्न (जुळे सोलापूर) : सॉफ्टवेअरने एक ट्रॅक ८ए आणि दुसरा ९ए दाखवला. कॅमेलॉट चक्रावर, म्हणजे प्रत्येक पट्टीला क्रमांक देणाऱ्या वर्तुळावर, हे शेजारी आहेत, म्हणजे सुरात जुळायला हवेत. पहिला १३२ बीपीएमवरून (मिनिटाला पडणारे ठोके) १३८ वर नेऊन मिसळला, तरी बेसूर का वाटतो?

उत्तर : चक्रावरचा क्रमांक ट्रॅकच्या मूळ वेगाला लागू असतो. की-लॉक, म्हणजे काही यंत्रांवर ज्याला मास्टर टेम्पो म्हणतात ते बटण, बंद असताना वेग वाढवला की स्वरही चढतो आणि सुमारे सहा टक्के वाढीला तो एक अर्धस्वर वर जातो. १३२ वरून १३८ ही वाढ साडेचार टक्क्यांची असल्याने आपला ट्रॅक पाऊण अर्धस्वर चढून कोणत्याच पट्टीत राहिला नाही. सहा टक्के चढवला असता तर ८एचा ३ए झाला असता. त्याला निदान नाव तरी देता आले असते. की-लॉक लावल्यास स्वर जागेवर राहतो, परंतु एवढ्या ताणाने किकची, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्याची, धार बोथट होते. त्यामुळे एका सेटमध्ये १३६ ते १४० च्या दरम्यानचेच ट्रॅक ठेवावेत, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न (होटगी रस्ता) : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलगा असे आकडे पाहून ट्रॅक निवडतो. याचा आपल्या स्वरांशी काही संबंध आहे का?

उत्तर : अगदी जवळचा आहे. ८ए म्हणजे पांढरी सहाचा षड्ज धरलेला मायनर, अर्थात आसावरी थाटाचे सात स्वर. त्याचा पंचम पांढरी तीनवर येतो आणि तोच षड्ज मानून तसाच मायनर वाजवला की ९ए मिळतो. दोन्हींत सहा स्वर सामाईक आहेत. केवळ पांढरी चारच्या जागी काळी तीन येते. ८बीमध्ये तर ८एचेच सातही स्वर असतात, मात्र षड्ज पांढरी एकवर गेल्याने बिलावल, म्हणजे मेजर, ऐकू येतो. सॉफ्टवेअर बऱ्याचदा या जवळच्या घरांतच चुकते, तेव्हा शंका आल्यास मुलाने आपल्याकडून पेटीवर खात्री करून घ्यावी.

प्रश्न (विजापूर रस्ता) : सिंक (दोन ट्रॅकचे ठोके आपोआप जुळवणारी सोय) लावूनही मिश्रण गढूळ का होते?

उत्तर : सिंक बीटग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या खुणांवर, विसंबून असते आणि ग्रिड चुकले की सिंकही चुकते. १३८ च्या वेगात ०.१ बीपीएमचा फरक राहिला, तरी मिनिटभरात दोन किक सुमारे ४३ मिलिसेकंदांनी सरकतात आणि घोडा दौडल्यासारखे ऐकू येते. ग्रिड बरोबर असेल तर संगीताची वाक्यरचना पाहावी. ट्रान्समध्ये बदल बहुधा १६ किंवा ३२ बारनंतर (एक बार म्हणजे चार ठोके) येतात. १३८ ला ३२ बार सुमारे ५६ सेकंदांत संपतात. नवा ट्रॅक अशा वाक्याच्या पहिल्या मात्रेवरच सोडावा, नाहीतर एकाच्या ड्रॉपवर (किक-बेस जोरात परतण्याची जागा) दुसऱ्याचा ब्रेकडाउन (ठोके थांबून शांत होणारा भाग) येऊन आदळतो. मात्र गढूळपणाचे खरे कारण मला बेसमध्ये दिसते. एकाच पट्टीतले दोन बेसही एकमेकांना खातात, म्हणून येणाऱ्या ट्रॅकचा लो (मिक्सरवरचे बेसचे बटण) आधी पूर्ण खाली ठेवावा आणि वाक्य बदलताना दोन्हींच्या लोची एका झटक्यात अदलाबदल करावी. घरच्या हेडफोनवर ही चूक लपते. मंगल कार्यालयाच्या लॉनवर मोठे बेस स्पीकर लावले की तीच सर्वांत आधी कानावर येते.

प्रश्न (सात रस्ता) : क्रमांक जुळत नसलेला ट्रॅक लावूच नये का?

उत्तर : जरूर लावावा. जाणाऱ्या ट्रॅकची धून संपली असेल आणि येणाऱ्याच्या सुरुवातीला केवळ किक व हाय-हॅट असतील, तर भिडण्यासारखे स्वरच तिथे नसतात. येणाऱ्याचा पॅड (मागे लांबवलेले स्वर) सुरू होण्यापूर्वी जुना ट्रॅक पूर्ण काढून घ्यावा, म्हणजे झाले.